घरातून बाहेर जाणारे पाणी

गोव्यातल्या घरांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. बल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या, राजांगण, कोरीव खांब, तुळशीवृंदावन यांच्यावर जाडजूड सचित्र ग्रंथ निघाले. परदेशी पाहुणे ते विकत घेतात आणि आपणही दिवाणखान्यात मांडून ठेवतो. घरात पाणी कुठून येते याचे वर्णनही त्यांत असते, कारण बांय दिसायला सुंदर असते आणि तिच्यावर रहाट असतो. पण वापरून झालेले पाणी घरातून कुठे जाते, या प्रश्नाशी येताच सगळे लेखक नाकाला रुमाल लावून पुढे निघतात. आज मी त्याच पाण्याविषयी लिहिणार आहे. विषय मंगल नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जेवताना वाचू नये.

आमचे मूळ घर फोंडा महालातले. पुढे अंगण, अंगणात तुळस, मागे न्हाणी, न्हाणीपलीकडे परसू आणि परसवापलीकडे माडांचे भाट. न्हाणीत चुलीवर चढवलेले तांब्याचे भाण असे. अंघोळीचे पाणी दगडी पन्हळीतून बाहेर पडून थेट केळींच्या आळ्यात जाई आणि तिथून अळवाच्या, म्हणजे आमच्या तेऱ्यांच्या वाफ्यात. भांडी घासलेले पाणी, त्यातली राख आणि काथ्याचे तुकडे, एखाद्या माडाच्या मुळाशी जात. विहीर मात्र घराच्या दुसऱ्या अंगाला, चढावर. न्हाणीचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांची गाठ पडू नये अशी ती सारी मांडणी होती. ती कुणी कागदावर काढली नव्हती. पण घर बांधताना आधी उतार बघितला जाई आणि मग चौथरा आखला जाई. आज आपण ज्याला इंग्रजी शब्द वापरून लँडस्केपिंग म्हणतो आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमतो, ते काम त्या काळी पाण्याच्या उताराने करून ठेवलेले असे. केळ कुठे लावायची हे न्हाणी ठरवायची.

इथवर सगळे रम्य आहे. या जुन्या परसवांबद्दल लिहिणारे बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात. पण घरातून फक्त अंघोळीचेच पाणी जात नाही! हिंदू घरांत शौचाला जायचे ते तांब्या घेऊन डोंगराकडे, व्हाळाकडे नाही तर भाटाच्या टोकाला. बायकांना पहाटे उजाडायच्या आत किंवा तिन्हीसांजेनंतर जावे लागे. आजारी माणसाचे, बाळंतिणीचे, पावसाळ्यातल्या रात्रीचे काय होत असे याचे वर्णन मी घरातल्या वयस्क बायकांकडून ऐकले आहे. त्यात गतकाळाचे गोडवे गाण्यासारखे काहीही नव्हते. साष्टी-बार्देशातल्या ख्रिस्ती घरांत वेगळी तऱ्हा होती. परसवाच्या कडेला चिऱ्यांची उंच खोपटी, आत बसायची जागा आणि मागे उतरती घळ. घळीच्या तोंडाशी डुकरे वाट पाहत उभी. साठ-सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींनी हा प्रकार पाहिला आणि तो जगभर विनोदाचा विषय झाला. मला त्यात विनोदापेक्षा हिशेब जास्त दिसतो: खड्डा नको, पाणी नको आणि मैला वाहून न्यायला माणूसही नको. दोष होता तो पट्टकृमीचा. डुकराच्या मांसातून तो माणसात यायचा, माणसाच्या विष्ठेतून पुन्हा डुकरात, असे चक्र चालू राहायचे. ती पद्धत गेली ते बरेच झाले.

परंतु या दोन्ही तऱ्हांत एक गोष्ट समान होती. मैला जमिनीच्या वर राहत होता. ऊन, वारा, किडे, डुकरे, शेण्यांची राख, पालापाचोळा यांच्या ताब्यात जात होता. खोल खड्डा करून तो जमिनीच्या पोटात, विहिरीच्या झऱ्यांच्या पातळीला नेऊन सोडायची कल्पना आपल्या खेड्यांत नव्हती. दाट वस्तीच्या शहरात मात्र असे वरवर भागत नाही. गोव्याच्या इतिहासात असे एक शहर होऊन गेले आहे आणि आपण त्याचे अवशेष दर डिसेंबरात फेस्ताच्या निमित्ताने पाहतो.

जुने गोवे १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने जिंकले आणि पुढच्या शंभर वर्षांत ते पूर्वेकडले एक मोठे व्यापारी शहर झाले. डच प्रवासी यान हायगेन व्हान लिन्शोतेन १५८३ ते १५८८ या काळात तिथे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये छापला गेला. त्याने जाता जाता एक टीप करून ठेवली आहे. शहरात गोडे पिण्याचे पाणी फारसे नाही. ते बाहेरच्या बायंगिणीच्या झऱ्यावरून गुलाम मडक्यांतून आणतात आणि विकतात. घराघरांत विहिरी आहेत, पण त्यांचे पाणी स्वयंपाकाला, धुण्याला आणि इतर कामांना. जमीन दगडाळ, कोरडी, तांबड्या मातीची. म्हणजे घरच्या विहिरीचे पाणी तोंडात घालू नये, एवढे त्या शहराला सोळाव्या शतकातच कळले होते! (बायंगिणी हे नाव गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रात आले ते तिथे नियोजित कचरा प्रकल्पाच्या वादामुळे. झऱ्याची आठवण किती जणांना झाली, देव जाणे.)

पण स्वयंपाकाला, भांड्यांना, चूळ भरायला तेच विहिरीचे पाणी होते. १५४३ च्या साथीचे वर्णन गास्पार कोर्रैयाने केले आहे. माणसे काही तासांत मरत. इतकी माणसे मेली की लोक घाबरू नयेत म्हणून चर्चच्या घंटा वाजवणे गव्हर्नरने बंद करायला लावले. इस्पितळात मेलेल्या एका रुग्णाचे प्रेत सगळ्या वैद्यांसमक्ष उघडूनही पाहण्यात आले. या रोगाचे कोर्रैयाने दिलेले नाव वाचताना मराठी माणूस दचकतो, कारण ते आपलेच आहे: मोडशी. कोर्रैया ते मोरिशी असे काहीतरी लिहितो. गार्सिया द ऑर्ता, ज्याच्या नावाची बाग आज पणजीच्या चर्चसमोर आहे, त्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात हा रोग याच देशी नावाने नोंदवला. पुढे पोर्तुगीजांचे मोर्देशी फ्रेंचांच्या कानांनी 'मोर द शियँ' असे ऐकले, म्हणजे कुत्र्याचे मरण. एक घरगुती मराठी शब्द युरोपच्या वैद्यकात शिरला तो असा. आज आपण मोडशी म्हणतो ते अपचनाला, आणि त्यावर आले-लिंबाचा रस घेऊन मोकळे होतो. त्या काळी ती पटकी होती.

त्यानंतर साथी येतच राहिल्या. जुन्या गोव्याच्या पडझडीची कारणे अनेक आहेत. डचांनी व्यापार मारला, राजसत्तेने आणि इन्क्विझिशनने माणसे पळवून लावली, हिवतापाने किती मारली याला तर मोजदाद नाही. सगळा दोष सांडपाण्यावर टाकणारा इतिहासकार मला घाईचा वाटतो. पण साथींमागे सच्छिद्र जमीन, गटारांचा अभाव आणि घराघरांतल्या विहिरी हे त्रिकूट होते, असे पुढच्या अभ्यासकांनी मांडले आहे आणि ते मला पटते. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम शहराबाहेर पाणेलीला हलवला. १७५९ मध्ये तो पणजीला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहरातले वाडे पाडून त्यांचे दगड नव्या शहरात वाहून नेले गेले. १८७८ मध्ये जुझे निकोलाव द फोन्सेका यांनी जुन्या गोव्याचा इतिहास लिहिला, तेव्हा तिथे चर्चे, मठ आणि माड एवढेच उरले होते. दगड नेले, पण त्या दगडाखालची जमीन तीच होती. ती पणजीतही होती, म्हापशातही आणि आपल्या परसवातही.

या जमिनीचे थोडे सांगायला हवे. आपण जो चिरा घरासाठी कापतो तो म्हणजे जांभा. फ्रान्सिस ब्युकॅनन या डॉक्टरने मलबारच्या सफरीत हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट हे नाव दिले, लॅटिनमधल्या विटेवरून. जमिनीत असताना मऊ, हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. चिरेखाणीत काम करणाऱ्याला हे ब्युकॅननच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, हे वेगळे. चिरा हातात घेऊन उजेडाकडे धरला तर आत नळ्या, भोके, पोकळ्या दिसतात. यातून पाणी झिरपत नाही, वाहते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा या भोकांतून खाली उतरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी इतक्या भरतात की कळशी वाकून हातानेच बुडवावी. उन्हाळ्यात दहा मीटर खाली असलेले पाणी पावसाळ्यात परसवाच्या मातीला येऊन टेकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सेप्टिक टाकी. आपल्याकडे 'पायाला सेप्टिक झाले' असे म्हणतात, त्यातलाच हा शब्द. मूळ ग्रीक, अर्थ कुजणे. फ्रान्समधल्या व्हेसूल गावी झाँ-लुई मुरास नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमारास आपल्या घरासाठी एक बंद टाकी बांधली. पुष्कळ वर्षांनी ती उघडली तेव्हा ती घट्ट मैल्याने भरलेली असेल अशी अपेक्षा होती; आत सापडले जवळजवळ पाणीच. १८८१ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. टाकीला सेप्टिक हे नाव मिळाले ते इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराच्या डोनाल्ड कॅमरन या अभियंत्यामुळे. त्याने १८९५ च्या सुमारास अशी टाकी तिथे चालवून दाखवली. आणि ही विद्या आपल्या दाराशी यायला फार वेळ लागला नाही. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशी टाकी बसवली गेली. मुंबईच्या ड्रेनेज खात्यातले अभियंता सी. कार्किट जेम्स यांचा हा प्रयोग. टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर दिवे लावण्याचे आणि पुढे इंजिन चालवण्याचेही प्रयत्न तिथे झाले. गोबर गॅसचे आपण आज कौतुक करतो. त्याचा हिंदुस्थानातला मूळपुरुष म्हणजे समाजाने बाहेर टाकलेल्या रोग्यांच्या संडासाची टाकी. मुंबईसारख्या शहरात तेव्हा उरलेला मैला हलालखोर टोपल्यांतून वाहत होते आणि त्यासाठी नगरपालिका घरमालकांकडून हलालखोर कर घेत होती.

हे मैला वाहण्याचे काम एका जातीच्या माथी मारून आपण त्याला धर्म म्हणत राहिलो. त्याविरुद्ध उभे राहिलेल्या मराठी माणसांत गोव्याच्या अगदी शेजारचे एक नाव आहे: आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१), कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतः भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली म्हणून त्यांनी अन्न कमी केले. त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनी उपोषण आरंभले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाचे प्रयोग केले. गोपुरी संडास या नावाने ते ओळखले जातात. त्यात पाण्याचा लोट नव्हता. मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकायचा, तो कुजून खत होऊ द्यायचे आणि ते सोनखत शेतात घालायचे. कुणाच्याही डोक्यावर टोपली नको आणि विहिरीतही काही जायला नको, असा तो दुहेरी विचार. एक ब्राह्मण पदवीधर आयुष्यभर संडासाची रचना सुधारत बसला, याचे हसू आलेले लोकही होते. बांद्यापलीकडे आपल्या इतक्या जवळ हे घडत असताना गोवा पोर्तुगीज राजवटीत होता. १९६१ नंतर वाटा मोकळ्या झाल्या तरी गोपुरीचा संडास आपल्याकडे रुजला नाही. आपण निवडली ती मुरासची टाकी.

का निवडली, हे समजण्यासारखे आहे. ओपाचे पाणी आले, पुढे साळावलीचे आले, नळ आला आणि नळाबरोबर फ्लश आला. आखाताचा, बोटीवरच्या नोकरीचा पैसा आला. घरे चौरस, स्लॅबची झाली. दरवाजा लावून, उजेडात, कुणी न बघता शौचाला जाता येणे ही बायकांच्या आयुष्यातली केवढी मोठी क्रांती होती, हे वर सांगितलेच आहे. त्याबद्दल मला टाकीचे उपकारच मानायचे आहेत. पण नळ आला आणि विहिरीवरची नजर गेली. ज्या पाण्यावर आपण रोज वाकत होतो त्यात काय मिसळते आहे, हे बघायचे कारणच उरले नाही. कित्येक विहिरींवर जाळी बसली, काहींत निर्माल्य आणि प्लास्टिक पडू लागले. आणि मग मे महिन्यात नळ आटला की त्याच विहिरीवर पंप बसवायचा!

टाकीचे काम थोडक्यात असे. जड ते तळाशी बसते, त्याचा गाळ होतो. तेलकट, हलके ते वर तरंगून साय धरते. मधले पाणी पुढे सरकत शोषखड्ड्यात जाते. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ पचवत राहतात. इथे बहुतेकांची समजूत अशी की टाकीतून बाहेर पडले ते पाणी शुद्ध. ते नितळ असते, शुद्ध नसते. रोगजंतू त्यात शिल्लक असतात. शुद्धीचे खरे काम शोषखड्ड्याभोवतालची माती करते, आणि तेही ती माती बारीक, कोरडी असेल आणि पाणी त्यातून सावकाश जाणार असेल तरच. भारतीय मानक २४७० हे सेप्टिक टाक्यांचे मानक. त्यात म्हटले आहे की शोषणाची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर असावी. भेगाळ, पोकळ्यांच्या खडकात अशी शोषणपद्धत वापरूच नये, कारण दूषित पाणी त्या वाटांनी लांबवर जाते, असाही इशारा त्यात आहे. उजेडाकडे धरलेला आपला चिरा आठवा. आपल्या पंचायतींच्या बांधकाम परवान्यातही विहिरीपासून १५ मीटरची अट असते आणि टाकीच्या वायुनळीला मच्छरदाणीची जाळी लावण्याची दुसरी अट असते. जाळी तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच वर्षी गंजून पडते.

आता हे अंतर प्रत्यक्षात बघू. आजचा नेहमीचा भूखंड चारशे चौरस मीटरचा, म्हणजे वीस बाय वीस. मधे घर. घरापासून ६ मीटर आणि विहिरीपासून १८ मीटर अशी जागा त्यात शोधायला गेलात तर ती बहुधा शेजाऱ्याच्या अंगणात सापडते. शिवाय वास्तुशास्त्र आहेच. विहीर ईशान्येला, टाकी वायव्येला, हे आता गवंड्यालाही पाठ झाले आहे. एका घरापुरते ते ठीक दिसते. पण कागदावर दोन घरे शेजारी शेजारी काढून बघा. माझा वायव्य कोपरा म्हणजे पश्चिमेच्या शेजाऱ्याचा ईशान्य कोपरा! मधे फक्त कुंपण. मी शास्त्राप्रमाणे टाकी घातली, त्याने शास्त्राप्रमाणे विहीर खणली, आणि माझा शोषखड्डा त्याच्या झऱ्यापासून चार पावलांवर आला. जुन्या घरांना भाट होते, म्हणून हा घोटाळा तिथे झाला नाही. त्या शास्त्राला भूखंड ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी आमच्या मूळ घराची डागडुजी काढली तेव्हा हाच प्रसंग आला. गवंड्याने विचारले, "बाब, नवी टाकी खंय घालूंया?" मी म्हणालो, तूच सांग. "वायव्येक. सगळे थंयच घालतात." वायव्येला कुंपणापलीकडे शेजारच्या मावशींची बांय. त्या अजून तिचेच पाणी पितात. नळाच्या पाण्याला चव नाही म्हणतात. आम्ही टेप घेऊन मोजले. अकरा मीटर. गवंडी म्हणाला, पंचायत काही मोजायला येत नाही.

बागेच्या बाबतीतही लोकांची तऱ्हा मला कोड्यात टाकते. टाकी आणि शोषखड्डा यांचा विचार न करता आधी बागेचा आराखडा होतो. मग टाकीवर पेव्हर्स बसतात, पेव्हर्सवर गाडी उभी राहते आणि झाकण कुठे होते ते विसरले जाते. शोषखड्ड्यावरची जमीन उघडी असली तर थोडे पाणी उन्हात उडते, थोडे गवत ओढून घेते. फरश्यांनी झाकली की सगळे खालीच जाणार. त्यावर गवत, अबोली, शेवंती, लिली अशी उथळ मुळांची झाडे चालतात. वड, पिंपळ, उंबर, बांबू यांना तिथून दूर ठेवावे. पाण्याचा वास लागला की त्यांची मुळे नळाच्या सांध्यात शिरतात. माडाचेही तेच, म्हणून नळावरच्या माडाचा मोह टाळावा. पालेभाजी, मुळा, रताळी तिथे लावू नयेत, हे सांगायला नको. केळ मात्र कडेला खुशाल लावावी. न्हाणीचे पाणी टाकीत न सोडता जुन्या पद्धतीने केळींना दिले तर टाकीवरचा भारही निम्म्याहून कमी होतो. छपराचे पावसाचे पाणी टाकीत सोडणारे महाभाग आहेत. चार महिन्यांत त्यांची टाकी न कुजवता नुसती धुऊन निघते. आणि संडास चकचकीत ठेवण्यासाठी रोज अ‍ॅसिड ओतणे म्हणजे आत राबणाऱ्या जंतूंना रोज विष घालणे.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. 'आमची टाकी वीस वर्षे भरलीच नाही' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. टाकी भरली नाही याचा अर्थ एवढाच, की ती गळते आहे किंवा गाळ पुढे वाहून जातो आहे. दोन्ही वेळा तो जातो कुणाच्या तरी विहिरीकडे. विशेषतः जुलैत, जेव्हा जमिनीतले पाणी वर येऊन शोषखड्ड्यातच शिरते.

उपसण्याचे काम टँकरच्या पंपाने व्हायला हवे, माणूस आत उतरवून नव्हे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. पहिल्याची दुर्गंधी सुरुवातीला येते आणि मात्रा वाढली की नाकच बधिर होते, त्यामुळे 'वास येत नाही, उतर' हे शब्द जीवघेणे ठरतात. एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मरणारे कोण असतात, त्यांची आडनावे काय असतात, हे बातम्यांत वाचले की आप्पासाहेबांची ती १९३२ ची मागणी अजून तशीच पडून आहे असे वाटते. उपसलेला गाळ घेऊन टँकर कुठे जातो, हेही विचारून घ्यावे. रात्रीच्या वेळी शेतात, व्हाळात टँकर रिकामे केल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. शुद्धीकरण प्रकल्पात तो पोचल्याची पावती मागितली तर चालक चमकतो, पण देतो.

आमच्या घरी शेवटी टाकी आग्नेयेला घातली, उताराच्या बाजूला. शोषखड्ड्यापासून मावशींची बांय एकवीस मीटर, आमची चोवीस. त्यासाठी आजीने लावलेली अबोलीची ताटवे हलवावी लागली आणि एक म्हातारा जास्वंद गेला. घरात थोडी कुरबुर झाली. आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा, तिथे घाण कशी, असे एका नातेवाइकांनी फोनवर सुनावले. मी टाकीचा, झाकणाचा, नळांचा आणि दोन्ही विहिरींचा नकाशा काढून, अंतरे घालून, तो घराच्या कागदपत्रांत एक चौदाच्या उताऱ्याबरोबर ठेवला आहे, आणि त्याची एक प्रत मावशींकडे दिली आहे. त्यांनी ती चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारले, "आनी तुज्या पलतडच्यांची टाकी खंय आसा?" ते मोजायचे अजून राहिले आहे. त्यांच्या आवारात सगळीकडे पेव्हर्स आहेत.